मास्तरांचे नमुने कुठं गेले

‘मोर दिसंनात की, अम्मा,’ मल्लूमास्तर म्हणाले.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. दुपारचे साडेतीन वाजले होते. शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते, त्यामुळे केबिनची काच सारखी थरथरत होती. दोन तास झगडून मी मास्तरांच्या कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं होतं. ते पहिल्या झटक्यात उघडलं म्हणून मनातल्या मनात खूश होते.

‘खाली सरका. पॅनेलमध्ये असतील.’

‘सरकलो. सॉफ्टवेअरसोबत येतात ती लाकडाची, दगडाची डिझाइनं तेवढी हायत. माझं एक बी न्हाय.’

मी माउस हातात घेतला. पॅनेल वर-खाली केलं. बंद करून पुन्हा उघडलं. काय झालंय ते मला तिथंच, त्याच मिनिटाला कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे तीन आठवडे मी ते कुणालाही सांगितलं नाही.

मी सोलापुरात कॉम्प्युटर देखभालीची कामं घेते. सात रस्ता चौकाजवळ पहिल्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. दवाखाने, शाळा, दोन-तीन कारखाने अशी माझी ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. वर्षाचं काँट्रॅक्ट असतं. बिघडलं की जायचं, आणि बिघडू नये म्हणूनही जायचं. श्रीनिवासशेठचा चादरी आणि टॉवेलचा कारखाना त्यातलाच एक. मल्लूमास्तर तिथले डिझाइन मास्तर. वय सत्तरीच्या जवळ. चादरीवर जे मोर, वेली, काठ दिसतात, ते मागावर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावे लागतात. त्याला ग्राफ म्हणतात. मास्तरांनी उभं आयुष्य ग्राफ काढले. साठी उलटल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. स्क्रीनवर चौकोन मोठे करता येतात म्हणून त्यांना कॉम्प्युटर आवडायचा.

आधी त्या कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर होतं. ओळखीतल्या एका कारखानदाराला त्यावरून नोटीस आली आणि शेठ घाबरले. मी म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्स टाकू. फुकट आहे, कायदेशीर आहे, व्हायरसचा त्रास जवळजवळ नाही. हा माझा आग्रह होता. लिनक्सबद्दल मी जरा जास्तच बोलते, हे माझ्या घरचेही सांगतील. शेठनी एकच विचारलं, ‘मास्तरांना जमंल का ओ?’ मी म्हटलं, ‘मी आहे की.’

आता थोडं पॅकेजबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला आणखी काय काय लागतं याची यादी. यादीतलं सामान सिस्टम स्वतः आणून बसवते. आणलेलं सामान सगळी सॉफ्टवेअरं मिळून वापरतात. एकाला त्याच सामानाचा जुना नग हवा आणि दुसऱ्याला नवा, अशी वेळ आली की भांडण लागतं. ते मिटवायला दुसऱ्या तऱ्हेची पॅकेजं निघाली. ती आपलं सगळं सामान आपल्याबरोबर घेऊन येतात आणि बंद खोलीत राहिल्यासारखी राहतात. मी गिऱ्हाइकांना सांगताना त्यांना डबाबंद पॅकेज म्हणते.

वैताग असा, की इन्स्टॉल करायच्या दुकानासारख्या खिडकीत दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. नाव तेच, चित्र तेच. फरक कुठं लिहिलेला असतो तर एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मी पहिल्यांदा बसवलं तेव्हा वरचं चित्र दाबलं. ते डबाबंद निघालं. माझ्याही ते आठ दिवसांनी लक्षात आलं.

लक्षात आलं ते मास्तरांच्या फोनमुळं. ‘अम्मा, पेन ड्राइव्ह दिसंना.’ खोली बंद, त्यामुळे त्या पॅकेजला बाहेरचा पेन ड्राइव्ह दिसत नव्हता. मी जाऊन परवानगी दिली. मग स्कॅनर. जुने कागदी ग्राफ मास्तरांना स्कॅन करून घ्यायचे होते. सॉफ्टवेअरच्या मेनूत स्कॅनरचं नावच येईना. सिस्टमला स्कॅनर दिसत होता, डब्यातल्या सॉफ्टवेअरला दिसत नव्हता. मी त्यांना आडवाटेचा रस्ता शिकवला. आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करा, सेव्ह करा, मग इथं उघडा. एका पानाला अकरा क्लिक. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही. ते वहीत लिहून घ्यायचे.

लिनक्स आल्यापासूनच्या सात महिन्यांत मास्तरांनी एक मोठं काम केलं. जुन्या ग्राफमधले मोर, बुट्ट्या, काठ त्यांनी एकेक करून छोटे नमुने म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काढले. पॅनेलमधून नमुना उचलायचा आणि चादरभर पसरायचा. काही नमुने कुठल्याच कागदावर नव्हते. ते त्यांनी स्क्रीनवरच, डोक्यातून काढले. सगळे मिळून दीडशेच्या आसपास झाले होते.

हे नमुने पॅनेलमध्ये दिसायला हवे असतील तर ते एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवावे लागतात. डबाबंद पॅकेजचा तो फोल्डर लपलेला असतो, सहा फोल्डर आत. मास्तरांना तिथं रोज कसं पाठवणार? म्हणून मी डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून दिला. त्याला नाव दिलं ‘नमुने’. ‘मास्तर, इथं टाकायचं. बाकी काही बघायचं नाही.’ त्यांनी तसंच केलं. रोज, न चुकता.

आता त्या दुपारकडे येते.

एका व्यापाऱ्याला जुन्या काठांच्या चादरींचे सॅम्पल हवे होते. मास्तरांकडे बरेच ग्राफ स्कॅन करायचे राहिले होते. शेठ म्हणाले, ‘मॅडम, त्या स्कॅनरचं एकदाचं काय ते करा.’ मी ठरवलं, डबाबंद काढायचं आणि सिस्टमचं साधं पॅकेज बसवायचं. त्याला स्कॅनर दिसतो. पंधरा मिनिटांचं काम, असं मी शेठना सांगितलं.

साधं पॅकेज बसेना. स्क्रीनवर लाल ओळी. त्यांचा अर्थ एवढाच, की तुमच्याकडे तुटलेली पॅकेजं आहेत आणि ती अडवून धरलेली आहेत. कोणती, कुणी अडवली, काय करू, हे काही नाही. मागं प्रिंटरसाठी मी बाहेरच्या एका ठिकाणाहून ड्रायव्हर आणला होता. त्यानं एक सामान नव्या नगाचं बसवलं होतं. सॉफ्टवेअरला जुना नग हवा होता. हे कळायला मला पाऊण तास लागला. मागं शेठ उभे. मागांचा जॉबर यल्लप्पा, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर, तोही दारात येऊन उभा राहिला होता.

‘मॅडम, आमच्या मागाचं तरी बरं हाय,’ यल्लप्पा म्हणाला. ‘कुटं तुटलंय ते दिसतं.’

शेठ हसले. मी हसले नाही.

ड्रायव्हर काढला, सामान जुनं केलं, साधं पॅकेज बसलं. आता मेनूत एकाच नावाची, एकाच चित्राची दोन सॉफ्टवेअरं दिसायला लागली. मास्तर चुकीचं उघडतील. म्हणून डबाबंद काढायला घेतलं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, नुसतं काढू नका, खाणाखुणांसकट काढा, नाहीतर मागं कचरा राहतो. मी ती कमांड टाकली. स्क्रीननं विचारलं, या ॲपचा डेटा डिलीट करायचा का? वाय की एन.

मी वाय दाबलं. डेटा म्हणजे सेटिंग, टेम्पररी फाइल, असलंच काहीतरी, असं मी धरून चालले. खरं तर धरूनही चालले नाही. विचारच केला नाही. मागं दोघं उभे होते आणि मला ते संपवायचं होतं. एका सेकंदात झालं.

बाकी तुम्ही ऐकलंतच. मोर दिसेनात.

मी बॅकअप उघडला. त्या कॉम्प्युटरचा रोजचा बॅकअप मीच लावलेला होता. त्यात डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे दोन फोल्डर होते. डेस्कटॉपवर ‘नमुने’ होतं. पण ते फोल्डर नव्हतं, फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट होता. बॅकअपनं सात महिने इमानदारीनं ते बोट कॉपी केलं होतं. डिलीट झालेलं परत आणायचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. डिस्क नव्या पद्धतीची होती. तिच्यावरून पुसलेलं सहसा परत येत नाही. आलं नाही.

शेठनी विचारलं, ‘कुणी डिलीट केलं?’

मी म्हटलं, ‘मास्तरांनी नमुने सॉफ्टवेअरच्या आतल्या फोल्डरमध्ये सेव्ह केले होते. डॉक्युमेंट्समध्ये नव्हते. पॅकेज काढलं त्याबरोबर ते गेले.’

या तीन वाक्यांतला एकही शब्द खोटा नाही. मी नंतर बऱ्याचदा ती तपासून बघितली आहेत.

शेठ मास्तरांकडे वळले आणि तेलुगूत काहीतरी बोलले. आमच्या घरी कन्नड आणि मराठी, तेलुगू मला येत नाही. आवाज चढलेला नव्हता. मास्तरांनी मान खाली घातली. मग मराठीत, बहुतेक मला कळावं म्हणून, म्हणाले, ‘माझंच काय तर चुकलं असंल. वय झालं.’

तिथं बोलायला हवं होतं. ‘मास्तर, तुम्हाला तिथं ठेवायला मीच सांगितलं होतं,’ एवढंच. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. शेठच्या मेहुण्याचे दोन कारखाने आहेत, तिथलं काँट्रॅक्ट मला मिळणार होतं. आणि लिनक्सचा आग्रह माझा होता. मी बॅग भरली आणि निघाले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले नाहीत. शेठनी त्यांना काढलं नव्हतं. ‘कॉम्प्युटरला हात लावू नका, ग्राफचं बघा,’ एवढंच म्हणाल्याचं मला कळलं होतं. ग्राफसाठी मास्तरांचे डोळे आता पुरत नव्हते. ते घरीच राहिले. सॅम्पलचं काम बाहेरच्या एका डिझाइनरकडे गेलं.

पुढच्या आठवड्यात मी नेहमीच्या व्हिजिटला गेले. मास्तरांची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. कॉम्प्युटर चालू केला. डेस्कटॉपवर ‘नमुने’ तसाच होता, त्याच्यावर तुटल्याची खूण आलेली. त्यावर राइट क्लिक करून माहिती बघितली असती तर तो कुठं बोट दाखवत होता आणि कधी बनवला, हे कुणालाही दिसलं असतं. मास्तरांना शॉर्टकट बनवता येत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

मी तो शॉर्टकट डिलीट केला. मग ट्रॅशही रिकामा केला.

वाय दाबलं ती चूक होती. हे मात्र मी समजून उमजून केलं. त्याच व्हिजिटच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘डेस्कटॉप साफ केला.’ यल्लप्पानं रजिस्टरवर सही केली आणि म्हणाला, ‘मास्तर न्हाय तर करमंना हितं.’ मी हं म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या ऑफिसच्या जिन्यावर सावकाश पावलं वाजली. मल्लूमास्तर कठडा धरून वर आले. हातात कापडी पिशवी. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं, त्यांना कळलंय. भांडायला आलेत.

त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली. आत तेलुगू अक्षरं, स्वच्छ, ग्राफ काढल्यासारखी एका ओळीत. प्रत्येक पानावर नंबर घातलेले.

‘अम्मा, मुलगा घरी कॉम्प्युटर आणून देतो म्हनतोय. सांगतो, घरी बसून काढा. पन मला भ्या वाटतं. परत तीच चूक झाली तर? म्हनून आलो. मी वाचतो, तुमी कुटं चुकलं ते सांगा.’

ते चष्मा वर करून वाचायला लागले. एकेक ओळ तेलुगूत पुटपुटायचे आणि मराठीत सांगायचे. एक, स्कॅनरचं सॉफ्टवेअर उघडणे. दोन, पान सरळ ठेवणे. तीन, सेव्ह करणे. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. सगळं बरोबर होतं. अकराच्या अकरा क्लिक बरोबर होते. पान उलटलं.

‘चौदा. नमुना तयार झाला की एक्स्पोर्ट करून डेस्कटॉपवर “नमुने” मध्ये टाकणे. दुसरीकडं कुटं बी टाकायचं न्हाय. मॅडमनी सांगितलं.’

त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं. ‘हितपर्यंत तरी बरोबर हाय न्हवं?’

खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, ‘मास्तर, तुमचं कुठंच चुकलं नाही.’

‘मग?’

मग मी सगळं सांगितलं. वाय कसं दाबलं ते. बॅकअपचं. शेठना जे बोलले ते कसं बोलले. शॉर्टकट पुसला तेही सांगितलं. मी ‘सॉरी मास्तर’ म्हटलं आणि ते शब्द फारच छोटे वाटले.

मास्तरांनी वही मिटली. विचारलं, ‘शेठला सांगितलं?’

‘नाही.’

‘मला हितं एकट्याला सांगून काय उपेग, अम्मा? ते सगळ्यांसमोर झालतं. यल्लप्पा हुता. शेठ हुते. माझ्या पोराच्या वयाच्या मानसाचं ऐकून घेतलं मी.’ चिडून नाही बोलले. हिशेब सांगावा तसं बोलले. वही पिशवीत घातली आणि उठले. मी जिन्यापर्यंत गेले. हात धरू का विचारलं. ‘नको,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कारखान्यात गेले. यल्लप्पाला केबिनमध्ये बोलावलं. शेठना म्हटलं, ‘मला दोघांसमोर बोलायचंय.’ आणि बोलले. या वेळी कर्ता घालून बोलले. तिथं ठेवायला मी सांगितलं, वाय मी दाबलं, शॉर्टकट मी पुसला, मी बोलले नाही.

यल्लप्पानं आधी विचारलं, ‘म्हंजी मास्तरचं काय चुकलंच नव्हतं?’

‘काहीच नाही.’

तो शेठकडे न बघता शेडमध्ये निघून गेला.

शेठ पेन टेबलावर आपटत बसले होते. ‘त्या दिवशी का नाही बोललात?’

‘घाबरले. मेहुण्यांचं काँट्रॅक्ट जाईल असं वाटलं.’

‘आणि मास्तर गेले, त्याचं काय वाटलं नाही?’

वाटलं होतं. पण वाटूनही मी शॉर्टकट पुसला होता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘मी त्यांना तेलुगूत काय बोललो ते तुम्हाला कळलं नव्हतं ना?’

‘नाही.’

‘बरं झालं.’ मग उठून गाडीची किल्ली घेतली. ‘माझ्या वडलांच्या वेळेपासून हायत ते इथं.’ तसेच ते मास्तरांच्या घरी गेले. तिथं काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मास्तर आठ-दहा दिवसांनी परत आले. मेहुण्यांचं काँट्रॅक्ट मला मिळालं नाही. शेठनी त्यांच्या कारखान्याचं काम माझ्याकडे ठेवलं, पण पहिले काही महिने मी डिझाइनच्या कॉम्प्युटरवर बसले की कुणीतरी मागं उभं राहायचं. मला त्यात वावगं वाटलं नाही.

परत आल्यावर पहिल्या दिवशी मास्तरांनी मला विचारलं, ‘आता सांगा, कुटं ठिवायचं?’ मी डॉक्युमेंट्समध्ये साधा फोल्डर केला, शॉर्टकट नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता घातला. बॅकअप घेऊन, पुसून, परत आणून त्यांना दाखवलं. दोनदा. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. ‘खाली सही करा.’ मी केली.

कागदावर होते ते नमुने त्यांनी पुन्हा काढले. स्कॅनर आता चालतो, त्यामुळे काम लवकर झालं. डोक्यातून काढलेले पन्नास-साठ गेले ते गेलेच. मी एकदा विचारलं, त्यातले थोडे तरी पुन्हा काढता येतील का? मास्तर म्हणाले, ‘आठवत न्हाय,’ आणि कामाला लागले.

दुकानाच्या खिडकीत अजूनही एकाच नावाची दोन चित्रं शेजारी शेजारी दिसतात. लाल ओळी अजूनही तुटलेलं काय ते सांगत नाहीत. लिनक्स बनवणाऱ्यांनी हे सुधारायला हवं, असं मी आजही म्हणते. पण त्या दिवशी स्क्रीननं मला विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. आता काहीही काढण्याआधी मी सगळा होम फोल्डर, म्हणजे वापरणाऱ्याचं लपलेलं-उघडं सगळं जिथं असतं तो, बाहेर कॉपी करते, मग मागं कुणीही उभं असो. आणि सर्व्हिस रिपोर्टमध्ये ‘डिलीट झालं’, ‘गेलं’, ‘उडालं’ असं लिहिणं मी सोडलं आहे. कुणी डिलीट केलं ते लिहिते. बहुतेक वेळा ते नाव माझंच असतं.